लाल बरणीचा खरा रंग

मित्रांनो, चष्म्याच्या या छोट्या दुकानात खिडकीपाशी जी रुंद खांद्यांची, आखूड मानेची काचेची बरणी दिसते ना, ती मी. माझ्यात आता काहीच नसते. येणारी-जाणारी माणसे मला पाहतात, म्हणजे खरे तर माझ्यातून पलीकडचे पाहतात, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही. सकाळी माझ्या पोटातून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. दुपारी एखादा ढग माझ्या एका खांद्यातून शिरतो आणि सावकाश दुसऱ्या खांद्यातून निघून जातो. पण एक काळ असा होता, की माझ्यातून पलीकडचे काहीही दिसत नसे. तेव्हा सगळी गल्ली मला 'लाल बरणी' म्हणे. मलाही तेच आपले नाव आणि तोच आपला रंग वाटत होता.

माझा जन्म भट्टीतला. लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन एका माणसाने गाल फुगवून फुंकर मारली आणि माझे पोट हळूहळू फुगू लागले. तेवढ्यात शेजारच्याने त्याला काहीतरी गंमत सांगितली असावी. तो हसला, आणि त्याचा एवढासा श्वास माझ्या खांद्यापाशी बुडबुडा होऊन अडकला. मी गार झाल्यावर मुकादमाने मला उजेडात धरून पाहिले आणि बुडबुडा दिसताच नाक मुरडले.

"राहू द्या हो," फुंकणारा म्हणाला. "गोळ्या भरल्यावर कोण बघतंय काचेकडे?"

त्या एका वाक्यावर माझा जीव वाचला. तो माणूस आज कुठे असेल कोण जाणे, पण त्याचा श्वास अजून माझ्यापाशी आहे. दुकानात सामसूम असली की मला कधीकधी त्या बुडबुड्यातून कोणीतरी हसल्यासारखे वाटते. अर्थात बरणीला काय काय वाटते, हे कोणी फारसे मनावर घेत नाही.

भट्टीतून मी आले ती थेट गोळ्यांच्या दुकानात. मालकांना सगळी गल्ली आबा म्हणत असे. उंच, किंचित वाकलेले, हाताला कायम साखरेचा वास. दर्शनी फळीवर आम्ही बरण्या ओळीने उभ्या होतो. एकीत पिवळ्या गोळ्या, एकीत हिरव्या, एकीत बडीशेपेच्या. माझ्यात साखरेचे लाल मासे. बोटाच्या पेराएवढे, खवल्यांची नक्षी असलेले, इतके लाल की बघणाऱ्याची नजर आधी माझ्यावरच पडे. त्यामुळे मला मधली जागा मिळाली. खोटे कशाला बोलू, मी जरा भावच खात असे. दुपारी ऊन माझ्यातून जाऊन समोरच्या भिंतीवर लाल डाग पडे आणि आबांचे म्हातारे मांजर तो डाग पकडायला जाई. तो डाग म्हणजे मीच, असे मी समजून चालले होते.

आबांचा एक नियम होता. बरणीचा तळ म्हणून उघडा पडू द्यायचा नाही. मासे अर्ध्यावर आले की नवे ओतलेच. त्यामुळे मी आतून कशी आहे, हे मला वर्षानुवर्षे कळलेच नाही.

मासे मागच्या खोलीत बनत. तांब्याच्या पातेल्यात साखरेचा पाक रटरटत असे. आबा त्याचा थेंब गार पाण्यात टाकत. तो कट्कन मोडला की पातेले उतरवायची वेळ झाली. मग तेलाचा हात लावलेल्या संगमरवरी फरशीवर पाक पसरायचा, त्यावर लिंबूसत्व भुरभुरायचे, बाटलीतला रंग थेंबाथेंबाने सोडायचा आणि सगळे गरम असतानाच घड्या घालत मळायचे. तो गोळा पितळी रुळांमधून फिरवला की दुसऱ्या बाजूने एकमेकांना चिकटलेल्या माशांची चादर बाहेर येई. ती गार झाली की आबा ती फरशीवर हलकेच आपटत. खळ्ळकन आवाज होई आणि मासे सुटे होत.

आता यापुढची गोष्ट त्याच दुकानात घडू शकत होती, दुसरीकडे कुठे नाही. रंग नीट बसला की नाही, हे आबा डोळ्यांनी ठरवत नसत. म्हातारपणी डोळ्यांचा भरवसा राहिला नाही, असे ते म्हणत. प्रत्येक घाण्याचा पहिला मासा घरातल्या लहान मुलाने खायचा आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. जीभ लालभडक झाली, तर घाणा पास. पूर्वी हे काम आबांच्या मुलीचे होते. ती मोठी झाली, तिचे लग्न झाले. पुढे तिचा नवरा जहाजावर नोकरीला लागला आणि ती आपल्या लेकीला घेऊन दुकानावरच्या खोल्यांत राहायला आली. जिभेचे काम मग आपोआप नातीकडे आले.

नातीच्या पायाला जणू भिंगरी बांधलेली होती, म्हणून गल्लीने तिचे नावच भिंगरी ठेवले. गिऱ्हाईक आले की आबा हाक मारत, "भिंगरे, जीभ कुठाय?" ती असेल तिथून धावत येई, गल्ल्यापुढच्या स्टुलावर चढे आणि अशी काही जीभ काढे की गिऱ्हाइकाला हसू आवरत नसे. हसता हसता ते पुडी बांधून घेई. भिंगरीसारखी जाहिरात साऱ्या शहरात कोणाकडे नव्हती.

आणि भिंगरीसारखे घर डोक्यावर घेणारेही कोणी नव्हते. ती जिना उतरत नसे, जिन्यावरून कोसळत असे. जेवता जेवता उठे, चित्र काढता काढता कागद फाडे, खेळता खेळता मैत्रिणीला चावे आणि मग स्वतःच हमसून हमसून रडे. तिची आई शर्टाच्या कारखान्यासाठी घरबसल्या काज-बटणे करायची. ती म्हणे, "हिला झोपवता झोपवता माझ्या नाकी नऊ येतात. डोळे मिटले तरी पाय पळतच असतात."

मग तिला शांत करायला प्रत्येकाचा एकच उपाय असे. आई म्हणे, "मी एवढ्या शर्टाची बटणं लावीपर्यंत गप्प बसलीस, तर एक मासा." शेजारचा न्हावी म्हणे, "माझ्या दुकानात नाचू नकोस बाई, गिऱ्हाइकाचा कान कापला जाईल. हे घे." शाळेतल्या बाईंनीसुद्धा टेबलाच्या खणात एक डबी ठेवली होती. शहाण्यासारखे वागणाऱ्याला त्यातली एक गोळी मिळे. ती डबी माझ्यातूनच भरून जाई. मित्रांनो, माझ्या तोंडात जे जे हात शिरले, त्यातला एकही हात वाईट हेतूने शिरला नाही. सगळ्यांचा तिच्यावर जीव होता.

एके दिवशी बाई स्वतःच दुकानात आल्या. वर्गात भिंगरीने मैत्रिणीच्या खालची खुर्ची ओढली होती. मैत्रीण पडली आणि तिच्या हनुवटीला टाके पडले. बाई रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या.

"माझं हिच्याशी वैर नाही हो," त्या म्हणाल्या. "हुशार आहे पोरगी. पण वर्गात बाकीचीही मुलं आहेत. शहराबाहेर एक निवासी शाळा आहे, अशा मुलांसाठीच. शिस्त कडक आहे, पण वळण लागतं. हे सत्र संपेपर्यंत बघू. नाहीच जमलं, तर तिकडे पाठवा."

आईच्या हातात शर्ट होता. तिने सुई कापडात खुपसून ठेवली. "तिकडे सुट्टी कधी असते?" एवढेच तिने विचारले.

भिंगरी गल्ल्याखाली बसून सगळे ऐकत होती, हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. बाई गेल्या, आई वर गेली, आबा मागच्या खोलीत गेले. मग ती स्टुलावर चढली, माझ्या गार पोटाला तिने गाल लावला आणि पुटपुटली, "मी वाईटच आहे. मला कळतंय की ओढू नये, तरी हात ओढतातच."

मला काहीतरी बोलायचे होते. पण मित्रांनो, बरणीला तोंड असते, जीभ नसते. तिच्या श्वासाने माझ्यावर धुके आले आणि थोड्या वेळाने विरून गेले.

त्यानंतर माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. आईने ती पुसून जिन्याखाली ठेवली. भिंगरी येता-जाता त्या पेटीला वळसा घालून जाई.

त्याच सुमारास नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. साखर गावातच मिळत होती, पण रंगाच्या बाटल्या पलीकडून यायच्या, त्या येईनात. आबांनी बाटलीचा शेवटचा थेंब झटकून झटकून काढला आणि मग हात टेकले. पुढचा घाणा बिनरंगाचा निघाला. पांढरे, थोडेसे धुरकट मासे.

"लाल बरणीत हे पांढरेफटक मासे शोभायचे नाहीत," आबा म्हणाले. त्यांनी ते एका साध्या डब्यात भरले आणि उरलेला लाल चुरा झटकून मला प्रथमच पुरते रिकामे केले. कोमट पाण्याने आतून-बाहेरून धुतले आणि खिडकीत पालथे घातले.

त्या दुपारी ऊन आले. मी सवयीने समोरच्या भिंतीकडे पाहिले. लाल डाग कुठेच नव्हता. भिंतीवर नुसता उजेड हलत होता, पाण्यातून आल्यासारखा. म्हातारे मांजर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मीही तितकीच गोंधळले होते. मग माझ्यातून गल्ली दिसू लागली. न्हाव्याची फिरती खुर्ची, कोपऱ्यावरचा चांभार, त्याच्यापुढे उभा असलेला एकुलता एक बूट. आपण लाल नाही, हे मला त्या दिवशी कळले. आपण तर कोणत्याच रंगाच्या नाही. आधी फार ओकेबोके वाटले. मग हळूहळू फार हलके वाटू लागले, आणि भट्टीतला तो हसणारा माणूस कितीतरी वर्षांनी आठवला.

पहिले काही दिवस भिंगरी आणखीच चिडचिडी झाली. लाल मासा दिला नाही म्हणून तिने मांजराचे शेपूट ओढले. मग एका दुपारी ती खिडकीपाशी आली, माझ्या बुडबुड्याला डोळा लावला आणि तिथेच थांबली. बुडबुड्यातून सगळी गल्ली उलटी दिसते. न्हावी खाली डोके वर पाय करून दाढी करत होता. भिंगरी हसली, पण धावली नाही. तिने कोपर टेकले, हनुवटी तळहातावर ठेवली. ऊन माझ्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकले, तरी ती तिथेच होती.

तिची आई बटणांचा डबा घेऊन जिना उतरत होती. मधल्या पायरीवर ती थबकली. वाटले, पोरीला ताप-बीप आला की काय. तिने येऊन भिंगरीच्या कपाळाला हात लावला.

"काय करतेस गं?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "बघतेय."

त्या आठवड्यात तिने एक अख्खे चित्र पुरे केले. उलट्या गल्लीचे. आईने ते बटणांच्या डब्याच्या झाकणात आतून चिकटवले. रोज संध्याकाळी पोर लवकर झोपू लागली, आणि आई त्या निवांतपणाला भीत भीतच कान देऊ लागली.

मग पूल उघडला. रंगाच्या बाटल्या आल्या. आबांना कोण आनंद. मला पुन्हा फळीवर मधोमध ठेवले, पातेले चढले आणि पहिला मासा भिंगरीच्या हातावर पडला. जीभ लालभडक. गिऱ्हाइके खूश, आबा खूश, भिंगरीही खूश. भिंतीवर डाग परत आला आणि मांजर त्याच्यामागे धावले. दिवसभर जो येई तो कौतुकाने भिंगरीला एक मासा देई.

दिवस कलायच्या आत वरून बटणांचा डबा जिन्यावरून खडखडत खाली आला. त्यामागून भिंगरीची किंकाळी आली. का रडतेस म्हणून विचारले, तर तिला सांगता येईना. आई जिन्यावर बसून एकेक बटण वेचत होती. झाकणातले चित्र मधोमध फाटलेले होते. तिने ते हातात घेतले, मग फळीवर माझ्याकडे पाहिले, आणि बघतच राहिली. इतक्या वर्षांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "पांढरे मासे होते तोवर ही शांत होती."

"मग?"

"मग काही नाही. आज लाल आले."

आबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आले तेव्हा ते होते तिथेच खाली बसले. "म्हणजे मी पोरीला विष घालतो म्हणतेस? तू कशावर वाढलीस गं? तुझी जीभ काय कमी लाल व्हायची?"

"मी विष म्हटलं का? तुमच्या हातचं खाऊन मी वाढले, मला काही झालं नाही. पण हिला होत असेल तर?"

"या गोळीवर निम्मं शहर वाढलंय," आबा म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले. त्या दिवशी पितळी रूळ उगाचच पुसले जात होते.

आई लेकीला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने आबांना जे सांगितले, ते मी फळीवरून ऐकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की सगळ्या मुलांना रंगाने असे होत नाही. काही मुलांना होते. कोणाला होईल, हे चेहरा बघून कोणालाच सांगता येत नाही. काही दिवस रंगीत खाणे पूर्ण बंद ठेवा आणि बघा. आणि फरक पडला, तरी पोर एकदम साधुसंत होईल अशी आशा धरू नका; मूल आहे, उड्या मारणारच.

आबांनी मान हलवली, पण त्यांना ते पटले नव्हते. भिंगरीने खाऊ नये, एवढे त्यांनी मान्य केले. लाल मासे बंद करणे मात्र त्यांच्या जिवावर येत होते. लोक त्यासाठीच तर यायचे. मग व्हायचे काय? भिंगरी माशांच्या घरात राहून माशांना शिवायची नाही, आणि गल्लीला कुठे काय माहीत? दुकानाचे नाव खराब होईल म्हणून आईने बाहेर कोणाला काही सांगितले नव्हते. न्हावी लाडाने एक देई. शाळेत डबीतली एक मिळे. "नको म्हणावं तर वाईट दिसतं," भिंगरी आईला सांगे. दोन दिवस बरे जात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सत्र संपत आले. पेटीत आता कपड्यांच्या घड्या पडू लागल्या होत्या.

अशाच एका सकाळी आबांनी नवा घाणा काढला. चादर फरशीवर आपटली, पहिला मासा उचलला आणि जन्माची सवय, त्यांच्या तोंडून निघून गेले, "भिंगरे, जीभ कुठाय?"

ती आली. स्टुलावर चढली. आबांच्या तळहातावरच्या त्या चकचकीत माशाकडे तिने पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आबा, हा खाल्ला की माझ्या आत खूप गर्दी होते," ती म्हणाली. "सगळे एकदम ढकलतात. पण तुम्हाला दुकानासाठी हवं असेल तर मी खाते. तसंही मी आता जाणारच आहे."

आणि तिने डोळे मिटून तोंड उघडले.

मित्रांनो, माझ्यासमोर कितीतरी तोंडे उघडली होती, पण ते उघडलेले तोंड मी विसरू शकत नाही. आबांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मासा स्वतःच्या तोंडात टाकला. भिंगरीने हळूच एक डोळा उघडला. आबांनी चघळून चघळून मासा संपवला, न्हाव्याकडून आणलेल्या आरशात स्वतःची जीभ पाहिली, आणि त्या म्हाताऱ्या तोंडात ती इतकी लालभडक दिसली की त्यांचे त्यांनाच कसेसे झाले.

"एवढी?" ते म्हणाले. "एवढी लाल होते?"

"रोज होते," भिंगरी म्हणाली.

आबांनी मला फळीवरून उचलले आणि मागच्या अंगणात नेऊन सगळे मासे बादलीत रिते केले. वरून पाणी ओतले. पाणी बघता बघता लाल झाले, आणि मासे मात्र फिके पडत विरघळून गेले. मग त्यांनी मला धुतले. अगदी सावकाश धुतले, एखाद्या लहान मुलाचे तोंड धुवावे तसे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर माझ्यात पांढरे मासे राहू लागले, आणि शेजारच्या बरण्यांतही बिनरंगी गोळ्या. एका दिवसात सगळे गोड झाले, असे मात्र समजू नका. गल्लीतली मुले म्हणाली, "आबा, तुमचे मासे आजारी आहेत का?" आबांनी बिटाचा रस घालून पाहिला, तर पाकाच्या आचेने त्याचा विटकरी चिखल झाला. जुनी गिऱ्हाइके आत डोकावत आणि निघून जात. पितळी रूळ पूर्वीसारखे फिरेनासे झाले, ते पुढेही कधी तितके फिरले नाहीत.

शेवटी भिंगरीच पुढे सरसावली. एक गिऱ्हाईक नको म्हणून वळले, तशी ती हाक न मारताच स्टुलावर चढली. पांढरा मासा चघळला आणि जीभ बाहेर काढली.

"काहीच नाही झालं की," गिऱ्हाईक म्हणाले.

"तेच तर," भिंगरी म्हणाली. "हा माझा स्वतःचा रंग आहे."

ते गिऱ्हाईक म्हणजे शाळेतल्या बाई होत्या, सत्राच्या शेवटी डबी भरून घ्यायला आलेल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आधी त्या जिभेकडे पाहिले, मग आबांकडे. आबांनी सगळे सांगितले, स्वतःचे काही न लपवता. बाईंनी डबीतले उरलेले लाल मासे गल्ल्यावर उपडे केले आणि रिकामी डबी आबांपुढे धरली. "हे भरा," पांढऱ्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. मग जिन्याखालच्या पेटीकडे त्यांची नजर गेली. "आणि ती पेटी तूर्त वर ठेवा. पुढचं सत्र माझ्याच वर्गात काढू दे हिला. मग बघू."

ते 'मग बघू' पुन्हा कधी निघाले नाही. पेटीत आईने बटणांचे डबे ठेवले. भिंगरी पुढेही झाडावर चढली, गुडघे फोडून घेतले, वर्गात नको तेव्हा बोलली. पण आता ओढू नये असे वाटले, की तिचे हात थांबत. निदान बहुतेक वेळा थांबत.

वर्षे गेली. आबा गेले, दुकान बंद झाले. माझ्या बहिणी कोणाकोणाकडे गेल्या, आणि मी माळ्यावर. माझे काचेचे झाकण फुटले. कोणीतरी माझ्यात गंजके खिळे आणि सुतळीचे गुंडे भरून ठेवले. फार धूळ होती. पण आतल्या वस्तूंवरून स्वतःला ओळखायचे नाही, हे मी आता शिकले होते. मी खिळ्यांची बरणी नाही, असे मनाशी म्हणत मी कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाची वाट बघत असे.

एके दिवशी एका उंच बाईने मला खाली उतरवले, खिळे बाजूला काढले आणि कोमट पाण्याने धुतले. मग तिने माझा खांदा चाचपला, बुडबुडा शोधला आणि त्याला डोळा लावला. मी तिला लगेच ओळखले. आता ती चष्म्याच्या काचा घासते. मान खाली घालून, श्वास रोखून, तासन्‌तास. फक्त टेबलाखाली तिचा एक पाय अजून नाचत असतो. ते मला आणि तिलाच माहीत आहे.

परवा एक आई आपल्या मुलाला घेऊन चष्म्यासाठी आली होती. मूल खुर्चीत बसत नव्हते. "फार द्वाड आहे हो," ती वैतागून म्हणाली. भिंगरीने आपला लाल रुमाल माझ्यात कोंबला आणि मुलाला विचारले, "ही बरणी कुठल्या रंगाची?"

"लाल."

तिने रुमाल काढून घेतला. "आणि आता?"

मूल माझ्याजवळ आले. बुडबुड्याला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिले. "आता त्यातून आई दिसते," ते म्हणाले. "उलटी."

आई हसली, आणि मग तीही माझ्याजवळ येऊन वाकली.

मित्रांनो, मी एक बरणी. माझ्या सांगण्याला वजन ते कितीसे? पण कोणी तुम्हाला द्वाड म्हटले, तर ते आपले नाव आहे असे समजू नका. आणि तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यासमोर असेच एखादे घर डोक्यावर घेणारे मूल उभे राहील, तेव्हा त्याला नाव ठेवण्याआधी आपणच प्रेमाने त्याच्या आत काय घातले, ते एकदा बघा. धुतली की काच लगेच आपल्या रंगावर येते. मुलांना थोडा वेळ लागतो, तेवढा त्यांना द्या.